अब्बासचाचा विमानांना खाली बोलावतात

अन्याय झाला तो बबन भेळवाल्यावर. कधी झाला तेही सांगून ठेवते : शनिवारी, सकाळी सव्वादहा वाजता, भिंगारच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत. त्या वेळी बबनची सगळीच्या सगळी कबुतरं, कसलाही गुन्हा नसताना, दुसऱ्याच्या ढाबळीत डांबली गेली. डांबणारे गृहस्थ म्हणजे अब्बासचाचा. वय सत्तरीच्या पुढं, धंदा मिलिटरीचे गणवेश शिवण्याचा, आणि नात्याने माझे घरमालक.

मी संघटनेचं काम करते. ‘दडपशाही’, ‘बेकायदा स्थानबद्धता’ हे शब्द माझ्या हाताखालून रोज जातात. पण ते आपण सरकारसाठी राखून ठेवलेले असतात. ते घरमालकाला लावायची वेळ आली, तेव्हा मला खरोखर शब्द सुचेना.

चाचांच्या गच्चीवर दोन बांधकामं आहेत. एक कबुतरांची ढाबळ आणि एक माझी खोली. ढाबळीला खिडक्या जास्त आहेत. मी राहायला आले त्या दिवशी चाचांनी खोली दाखवायला अर्धं मिनिट घेतलं आणि ढाबळ दाखवायला अख्खी दुपार. त्यांची कबुतरं साधीसुधी नाहीत, गिरेबाज आहेत. म्हणजे ती उंच जातात, आणि वर गेल्यावर मधेच, कुणी ढकलल्यासारखी, उलटी कोलांटी मारतात. एक, दोन, अंगात आलं तर चार. खाली चाचा तोंड वर करून ‘वाहवा’ म्हणतात आणि चहा गार होतो.

माणसांची पारखही ते याच मापाने करतात. आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत : ‘नुस्ता घुमतो, उडत न्हाई.’ स्वतःच्या धाकट्या मेव्हण्याबद्दल : ‘दुसऱ्याच्या गच्चीवर दाणं टिपणारी जात.’ माझं पहिलं भाषण त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीजवळ उभं राहून ऐकलं आणि निकाल दिला : ‘आवाज हाय. उंची यायला टाईम लागंल.’ तेव्हापासून ते मला पुढारीण म्हणतात.

अशात बातमी आली की रविवारी मिलिटरीच्या मैदानावर लढाऊ विमानांच्या कसरती होणार. विमानं पुण्याकडून येणार, आपल्या डोक्यावर उलटीसुलटी होणार आणि परत जाणार. माझं डोकं फिरलं. मी रात्रीतून पत्रक लिहिलं : ‘आकाशातला तमाशा थांबवा’. पंचविशी-तिशीतली तयार पोरं, ज्यांना घडवायला देशाने वर्षं घालवली, ती केवळ आपण तोंडाचा आ करावा म्हणून जमिनीला नाक घासत उडवायची? चूक झाली तर जाणारा एकटा पायलट नसतो, खालची माणसंही असतात. आणि दवाखान्यातल्या पेशंटनी, तान्ह्या पोरांनी तो आवाज का सोसायचा? हे सगळं मी लिहिलं. आजही त्यातला शब्द मी मागे घेत नाही.

पत्रकं वाटायला चाचा आपणहून आले. मला भरून आलं. म्हटलं, घरमालक जागा झाला. मी पुढं पत्रक द्यायची, ते मागून बोलायचे. पहिल्या गल्लीत त्यांचं बोलणं मी ऐकलंच नाही. दुसऱ्या गल्लीत, मटणाच्या दुकानांपाशी ऐकलं. ते प्रत्येकाला सांगत होते की रविवारी कातडी-आतडी उघड्यावर टाकू नका, घारी जमतात. पतंग काढू नका. लग्नाच्या शूटिंगच्या ड्रोनवाल्याला दुपारनंतर बोलवा. वर पोरं येणार हायेत.

परिणाम असा झाला की अख्ख्या भिंगारने माझं पत्रक कार्यक्रमाची जाहिरात म्हणून वाचलं. एका बाईंनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं आणि मला विचारलं, ‘ताई, किती वाजता सुरू हाय? पोरांना आंघोळ घालून ठेवते.’

मी चाचांना गच्चीवर गाठलं. विचारलं की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? ते ज्वारी निवडत होते. म्हणाले की पाखरू कोलांटी मारतं त्याने त्याला दाणा मिळत नाही, अंडं मिळत नाही, तरी मारतं. म्हटलं, मग हा निव्वळ दिखावाच. तर म्हणाले, ससाणा मागं लागला की ज्याला उलटता येतं तेच वाचतं. मी म्हटलं की भिंगारमध्ये ससाणा मी बघितलेला नाही. त्यावर चाचांनी मेव्हण्याचं नाव घेतलं आणि चर्चा भलतीकडेच गेली.

मग उगवला तो शनिवार. विमानांची रंगीत तालीम होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बबनची कबुतरं हवेत, चाचांची ढाबळीत, मी दोरीवर कपडे वाळत घालतेय, आणि एकदम पाण्याच्या टाक्यांच्या वरून, पोटावरचे स्क्रू दिसतील इतक्या खालून, विमानं गेली. माझा ओला कुर्ता शेजारच्या गच्चीवर. चाचांनी मात्र जे केलं, ते कबुतरवालाच करू जाणे. पाखरू फार खाली आणि फार जोरात आलं की त्याला बोलावून घ्यायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. त्यांनी गणवेशाच्या अस्तराचं लाल फडकं उचललं, ज्वारीची मूठ हवेत उधळली आणि लढाऊ विमानांना हाका मारायला लागले : ‘आव, आव, आव!’

विमानं आली नाहीत. बबनची कबुतरं आली. आवाजाने बावचळलेला तो सगळा थवा, दाणा दिसला त्या एकमेव गच्चीवर, धपाधप उतरला. चाचांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं, क्षणभर थव्याकडे, आणि सगळ्यांना आत घालून कडी लावली.

बबन भेळेचा झारा हातात घेऊनच जिना चढला. कबुतरवाल्यांत परक्या गच्चीवर उतरलेलं पाखरू म्हणजे युद्धाचं कारण.

‘चाचा, माझी पाखरं सोडा.’

‘उद्या सांजच्याला ने. दाणापानी माझं.’

‘का पन? माझी पाखरं काय विमानाला भ्यायची न्हाईत.’

‘तुझी न्हाई भीत, म्हनून तर. एक जरी इंजिनात गेलं तर आतलं पोरगं जातंय, बबन.’

बबनने झारा खाली केला. पण जाता जाता म्हणाला, ‘आन माझं पाखरू?’

‘ते बी जातंय,’ चाचा म्हणाले. ‘दोगांसाठी कडी लावलीय.’

मी बबनच्या बाजूने निषेधाचा मसुदा करायला घेतला होता. बबनच म्हणाला, ताई राहू द्या, भेळ खायला या.

रविवारी आमच्या गच्चीवर जत्रा. त्या देवाच्या फोटोवाल्या बाई आंघोळ घातलेली पोरं घेऊन पुढच्या रांगेत. मी निषेध म्हणून काळी ओढणी घेऊन, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून, पाठ करून उभी राहिले. विमानं आली तेव्हा पाठ केलेली होती. ती पहिल्यांदा सरळ वर चढली, तेव्हा मान वळली. मग सगळी एकदम उलटी झाली, पंखाला पंख लावून, धुराच्या रेघा ओढत, आणि मी वळलेच. खोटं कशाला बोलू, पोटात गुदगुल्या झाल्या, लहानपणी झोका परतताना व्हायच्या तशा. हातातली पत्रकं कधी उडाली कळलं नाही. आकाशातला तमाशा थांबवा, हे भिंगारभर पसरलं ते तेव्हा.

शेवटी एक विमान एकटंच खाली आलं, अगदी खाली, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि सुटलं. गच्चीला उधाण आलं. पोरं नाचायला लागली. बबन तोंडात दोन बोटं घालून शिटी मारत होता आणि सगळे एका सुरात वन्स मोअर ओरडत होते.

‘मागू नका,’ चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण बबनची बोटं तोंडातून बाहेर आली. ‘माझा नवाब गिरेबाज असाच गेला. आपली कोलांटी मारून उतरत हुता. खालून लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्यानं आनखी एक मारली. उंची उरली नव्हती.’

विमानं पश्चिमेला ठिपके होऊन गेली. गच्ची रिकामी झाली. चाचा मात्र कठड्याशी तसेच, डोळ्यांवर हात धरून. ऊन मी म्हणत होतं आणि त्यांना साखरेचा आजार. मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. खाली बसा म्हटलं, बसले नाहीत. वर गेलेलं सगळं उतरल्याशिवाय बसायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. ती पुण्याकडे उतरणार, इथून दिसणार नाहीत, हे मी तीन तऱ्हांनी समजावलं. त्यांनी दुसऱ्या हाताने कठडा धरला.

शेवटी मी फोन काढला. कार्यक्रमाच्या जाहिरातीवर चौकशीचा एक नंबर होता. त्या नंबरावर मी आठवडाभर तक्रारी करत होते. पलीकडच्या माणसाने आवाज ओळखला.

‘बोला मॅडम. आज कशाचा निषेध?’

‘निषेध नाही. विमानं सुखरूप उतरली का?’

 तो हळू आवाजात म्हणाला की हे आजवर कुणी विचारलं नाही, थांबा, विचारून उलट फोन करतो. थांबले. मीही कठड्याशी उभीच होते, हे नंतर ध्यानात आलं. मग फोन वाजला. सगळी उतरली होती.

चाचा भिंतीला टेकून खाली बसले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

मी चिडून म्हटलं की ओळखीची ना पाळखीची पोरं, त्यांच्यासाठी जीव जायचा तुमचा. चाचांनी तोंड पुसलं.

‘घरवाली, हलीमा, हुती तवर माझी वाट बघायची. मी बाजारातून आलो की मगच ती जेवायची. तिच्या मागं घरात वाट बघनारं कुनी उरलं न्हाई, आन ज्याची बघावी असं बी कुनी न्हाई.’ मग ढाबळीकडे बघत म्हणाले, ‘तू राहुरीला, देवळालीला मिटिंगला जातीस, तवा बी मी इथंच असतो. तुझ्या स्कूटीची बत्ती वळनावर दिसली की खाली जातो.’

मी समजत होते, ते संध्याकाळी कबुतरांसाठी वर थांबतात. कबुतरं तर अंधार पडायच्या आतच ढाबळीत शिरतात.

चाचा उठले, कडी काढली आणि बबनला हाक मारली.

माझा विरोध कायम आहे. तो मी पुढच्या वेळीही छापीन आणि पुढच्या वेळीही कदाचित मान वळवून बघीन. पण तुम्ही कसरती बघायला जाणार, हे मला ठाऊक आहे. तर जा. घरचा ओला कचरा झाकून जा, पतंग गुंडाळून ठेवा, कबुतरं कोंडा. आणि काहीही झालं तरी वन्स मोअर ओरडू नका. कार्यक्रम संपला की गाडी काढायची घाई करू नका. आधी जाहिरातीतल्या त्या नंबरावर फोन लावा आणि विचारा, सगळे उतरले का. उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.