संघर्षाचा रकाना

दिंडोशीच्या सुयोग घाडीगावकरने दोन वर्षं खपून सहा गाणी केली, घरच्या पेटीवर वाजवली आणि इंटरनेटवर टाकली. पुढच्या तीन महिन्यांत ती एकोणचाळीस जणांनी ऐकली. त्यातले अकरा जण घाडीगावकर होते. गाणी बरी होती. त्यातलं 'दुपारपाळी' त्याने वडिलांवर केलेलं. ते ऐकताना वडिलांनी, म्हणजे काशीरामनी, बशीत ओतलेला चहा तसाच निवू दिला होता. पण अशा गोष्टींची नोंद कुठे होत नाही.

आकाश नावाच्या मित्राने निदान केलं की गाण्यात दोष नाही, सुयोग संगीतकार दिसतच नाही. तेव्हा तो अंधेरीला श्रुतिका मॅडमकडे गेला. स्वतंत्र कलावंतांची व्यावसायिक प्रतिमा घडवणं हा त्यांचा व्यवसाय. बाहेरच्या खोलीत आठ स्वतंत्र कलावंत बसले होते. आठही जणांनी काळा सदरा घातला होता.

मॅडमनी चौदा रकान्यांचा अर्ज दिला. आडनाव पोस्टरवर मावत नाही म्हणून पहिल्याच रकान्यात कापलं गेलं. पेटीसोबतचा फोटो नाकारला गेला, कारण वाद्य हातात असलं की माणूस भजनी मंडळातला वाटतो. मग एका बंद कारखान्यात, भिंतीला टेकून, डावीकडे कुठेतरी पाहणारा सुयोग टिपण्यात आला. नवव्या रकान्यात 'संघर्ष' असं होतं. सुयोगने प्रामाणिकपणे 'विशेष नाही' लिहिलं. अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला.

"घरी काहीतरी झालं असेल ना?" मॅडमनी विचारलं.

"बाबांची गिरणी बंद पडली होती."

"छान. मग?"

"मग ते वॉचमन म्हणून लागले. आता घरी असतात. शनिवारी भजनाला जातात."

मॅडमनी 'मग'नंतरचं सगळं खोडलं आणि मजकूर कायम केला: 'गिरणी बंद पडली. वडील गेले. मागे उरले ते सूर.'

वडील गेलेले नाहीत, असं सुयोगने निदर्शनास आणलं. मॅडमनी शांतपणे समजावलं की कुठे गेले ते आपण लिहिलेलंच नाही. वॉचमनच्या नोकरीला गेले, असाही अर्थ निघतो. मजकूर कायद्याने निर्दोष होता. सुयोगने सही केली.

आठवड्याभरात त्या फोटोवर चार हजार लाल बदाम पडले आणि घरी सांत्वनाचे फोन सुरू झाले. कुर्ल्याच्या नलिनीआत्याच्या दिरांचा फोन नेमका काशीरामनीच उचलला. दीर रडायला लागले. काशीरामनी आधी त्यांना धीर दिला, कोण गेलं ते नंतर विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन हळूच खाली ठेवला.

"मी खंय गेलंय रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"बाबा, कामाचं आहे ते. प्रोफेशनल."

काशीरामनी आयुष्यभर मुकादमाचं ऐकलं होतं. कामाचं म्हटल्यावर वाद घालायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान डोलावली. सुयोगला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकदा लोकांसमोर गाणं झालं की सगळं निस्तरू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्या महिन्यात एका वाहिनीचे लोक मुलाखतीला घरी आले. भिंतीवर काशीरामचा तरुणपणीचा, हार घातलेला फोटो आवश्यक होता. सुयोगला खिळा सरळ ठोकता येत नसल्यामुळे तो काशीरामनीच ठोकला. शेजारचे काका म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने सहज विचारलं, काका, तुम्ही त्यांना ओळखत होता का, कसे होते ते?

काशीरामनी थोडा विचार केला. "बरो होतो," ते म्हणाले. "बोलायचो कमी."

हे वाक्य फार गाजलं. त्यातूनच जुहूच्या एका सभागृहात वडिलांच्या स्मरणार्थ 'स्वरांजली' ही मैफल ठरली. तीनशे माणसं, चांगला माईक, आणि शेवटी एकदाची 'दुपारपाळी'. याच दिवसासाठी सुयोगने सगळं सोसलं होतं. काशीराम इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले.

निवेदिकेने सुरुवातीला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. सगळे उठले. सगळे उभे असताना आपण बसणं बरं दिसत नाही, म्हणून काशीरामही उठले आणि स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले.

मंचावरून सुयोगला ते दिसलं. तो माईककडे वाकला.

"माझे बाबा इथेच आहेत," तो म्हणाला. "ते बघा, तिसऱ्या रांगेत उभे आहेत."

सभागृहात हुंदका फुटला. तीनशे मोबाईल वर झाले. काशीरामच्या शेजारच्या बाईंनी त्यांच्या दंडाला धरून विचारलं की तुम्हालाही जाणवलं का. सुयोग पुन्हा म्हणाला, खरंच आहेत हो. त्यावर निवेदिकेने माईक हातात घेतला. यानंतर कोणतंही गाणं ऐकणं शक्य नाही, असं सांगून तिने कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. पेटीचा भाता उघडलाच नाही.

परतीच्या रिक्षात सुयोग पेटी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याने वडिलांकडे बघवेना.

"माणसां बरी होती," काशीराम म्हणाले. "येक बाई माझ्यासाठी रडली."

त्या दोन मिनिटांचा व्हिडिओ पुढे अकरा लाख लोकांनी पाहिला. तुम्हीही पाहिला असेल. खाली जोडलेले हात टाकून दोघातिघांना पाठवलाही असेल. त्याच्याखालीच गाण्याचा दुवा होता. तो तुम्ही उघडला नाहीत, यात तुमचा दोष नाही. गाणं चांगलं साडेचार मिनिटांचं आहे, आणि शेवटी ते आहे एका जिवंत माणसावर.