आठ हजार सहाशे चाळीस रुपयांचे म्हातारपण

निवृत्तीनंतर सुखाने जगायला किती शिल्लक लागते हे काढायचे, तर आधी आपण मरणार कधी हे ठरवावे लागते. या बाबतीत सरकारने अद्याप नियम केलेला नसल्यामुळे कोकणातल्या मिठबावच्या गुरुदास लोके यांनी तो स्वतःच केला : वय वर्षे सत्तर.

मुंबईच्या एका कचेरीतून १९६१ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी हेडक्लार्क म्हणून निवृत्त होताना त्यांच्याजवळ आठ हजार सहाशे चाळीस रुपये होते. दरमहा साठ रुपये, बारा वर्षे. हिशेब चोख. तांदूळ, मासळी, तंबाखू, वर्षाला दोन धोतरे आणि अचानक उद्भवणारी संकटे (दरमहा एक रुपया चाळीस नये पैसे) असे सारे त्यात होते. पत्नी आनंदीबाई तांदळात धरलेली होती.

पैशांखेरीज त्यांनी बोटीने गावी एक आरामखुर्ची आणली. एकतीस वर्षे वर्षातून पंधरा दिवस रजेवर येणारा हा गृहस्थ ओट्यावर कायमचा बसला, आणि आठ दिवसांत आनंदीबाईंना तीनशे सूचना देऊन त्याने घराची शिस्त सुधारली. नवव्या दिवशी ते आंघोळ करून आले, तर खुर्चीत आनंदीबाई.

"ह्या काय?"

"मी रिटायर झालंय."

"तू कसली रिटायर होतलंस गो? तुजी नोकरी खंय होती?"

"मगे एकतीस वर्सां मी काय करी होतंय?"

या कामाची नोंद कचेरीच्या कुठल्याही फायलीत नव्हती. गुरुदासांनी विषय बदलून पेज मागितली.

"पाणी बावीत आसा, तांदूळ मडक्यात आसत," आनंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय लांब केले.

पहिल्या दिवशी कळशी विहिरीत गेली. दुसऱ्या दिवशी ती काढायला टाकलेला गळही गेला. तिसऱ्या दिवशी गाईने त्यांना ओळखण्यास नकार दिला. चौथ्या दिवशी गुरुदासांनी, शिक्षित माणसाला शोभेल अशा रीतीने, माणसे ठेवण्याचा खर्च काढला : स्वयंपाक पंचवीस, पाणी सात, गोठा नऊ, धुणीभांडी सहा, मसाला कुटणे चार, आजारपणात उशाशी बसणे (बाजारभाव उपलब्ध नाही). एकूण एक्कावन्न. म्हणजे शिल्लक पुरवायची तर मृत्यू साडेपाच वर्षे अलीकडे आणावा लागत होता, आणि प्रकृती तर उत्तम होती.

प्रकरण गंभीर झाल्याने गावातल्या निवृत्तांची देवळात सभा भरली. अध्यक्ष, माजी शाळामास्तर दाजी. स्त्रियांचे निवृत्तीचे वय ऐंशी असावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. (स्त्रिया हजर नव्हत्या, त्या पाणी भरत होत्या.) ठराव खिशात घालून दाजी घरी गेले, तर त्यांच्या सुभद्राबाई ओट्यावर पाय पसरून वाऱ्याला बसलेल्या. दाजींनी ठराव खिशातच ठेवला.

पाचव्या दिवशी गुरुदासांची पेज तिसऱ्यांदा करपली. ते चुलीपुढेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होते. धूर फार होता, असे ते अजून सांगतात.

आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हेडक्लार्कांनी वर न बघता विचारले,

"तू रोज ह्या एकट्यान कसा करी होतंस गो?"

एकतीस वर्षांत हे आनंदीबाईंना कोणी विचारले नव्हते. पदराने त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरची काजळी पुसली आणि म्हणाल्या, "उठा. आधी नारळ सोला."

तेव्हापासून पाणी, गोठा आणि नारळ गुरुदासांकडे, चूल आनंदीबाईंकडे. खुर्चीत दुपारी त्या, संध्याकाळी ते. मासळी आणायला दोघे मिळून किनाऱ्यावर जातात आणि वाटेत इतके बोलतात की ताजी मासळी संपलेली असते. गावाने त्यांना वेडे ठरवले आहे (दाजी वगळून, ते हल्ली भांडी घासतात).

सुज्ञ वाचकांनीही आपापला आकडा काढलाच असेल, आणि तो बरोबरच असणार. फक्त एक शंका. हे निवांत वाचता वाचता तुमच्या हाताशी जो चहा आला, तो कुठल्या रकान्यात धरलात?