सोपानकाकांचा ॲव्हरेज

सोपानकाकांच्या गाडीत बसायचं असेल तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं.

मी थट्टा करत नाही. भोरला आमच्या शेजारी त्यांचं घर आहे. फाटकातून आत गेलं की जास्वंदीच्या शेजारी धान्याची पोती मोजायचा मोठा लोखंडी काटा मांडलेला दिसतो. चपला काढायच्या, मोबाईल, किल्ल्या कठड्यावर ठेवायच्या आणि निमूट उभं राहायचं. काका वाकून आकडा बघतात आणि लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी मान हलवावी तशी मान हलवतात.

"सर, मागल्या बारीपेक्षा अर्धा किलो जास्त भरताय."

"काका, आज पँट जाड आहे."

"मग पातळ घालायची. गाडीला काय कळतंय, पँट हाय का चरबी हाय?"

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मी 'सर'. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी भाटघरला धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली. पातळी उतरायला लागली की सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं पाहिजे, हा तिथला धर्म. निवृत्तीनंतर मोजायला धरण उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि तिचा ॲव्हरेज मोजायला सुरुवात केली. धरण निदान जागेवर उभं असतं. ही गाडी काकांनी रस्त्यावर आणली आणि आमच्या आळीची शांतता गेली.

"पैशाचं न्हाई हो सर," ते नेहमी सांगायचे. "पण कुठंतरी गळती असती. ती कुठं हाय ते कळल्याबिगार झोप येत न्हाई."

'गळती कुठं हाय ते बघा' हे त्यांचं ब्रीदवाक्य. आमच्या घरातला नळ, शाळेतली हजेरी आणि सरकार, या तिन्हींबद्दल ते हेच म्हणतात.

गाडीतली गळती शोधता शोधता त्यांनी तिचं जे करून ठेवलं, ते बघून मूळ बनवणाऱ्याला रडू आलं असतं. डावीकडचा आरसा काढला, कारण तो वाऱ्याला अडतो. म्हणजे डावीकडे बसणाऱ्यानं आरशाचं काम करायचं. मागचं सीट काढून तिथं काथ्याची पातळ गादी टाकली. तिच्यावर आम्ही पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसतो. मागच्या चाकांवर ॲल्युमिनियमच्या पराती बसवल्या. त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या आहेत हे सुमनकाकूंना पोळ्यांची कणीक मळायला बसल्यावर कळलं. टायरांत हवा एवढी, की रस्त्यावरच्या खड्याचा आकार आपल्या दाढेला समजतो.

गाडीच्या पोटाखाली वारा अडकू नये म्हणून तिथं त्यांनी फ्लेक्स ताणून बसवला आहे. तो एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा आहे, आणि चेहरा रस्त्याकडे आहे. खड्डा आला की आधी पुढारी घासतो. एवढा एकच झीज होण्याचा प्रकार काकांना मनापासून आवडतो.

आणि टर्बो! इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा तो पंखा, त्याची शिट्टी काका रोज सकाळी बॉनेट उघडून ऐकतात. मला कुंपणावरून हाक येते.

"ऐकली का?"

"काय?"

"शिट्टी. काल हिच्यापरीस बारीक हुती."

मला घड्याळाचा गजरसुद्धा धड ऐकू येत नाही. तरी मी चिंतातुर चेहरा करतो. तो माझा मूळचाच असल्यामुळे फार कष्ट पडत नाहीत.

एकदा नसरापूरवरून वेल्ह्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाली. निघताना काका दारात हात आडवा धरून उभे. "सर, येताना तुमी हलकं हुता. जिलब्या किती खाल्ल्या ते म्या बघितलंय. मांडवाला फेऱ्या मारून या." नवरा-नवरीच्या फेऱ्या झाल्या होत्या, आता माझ्या सुरू झाल्या. वऱ्हाडातली पोरं मोजत होती. पुन्हा या गाडीत पाऊल ठेवणार नाही अशी मी तिथंच शपथ घेतली, आणि वेल्ह्याहून दुसरं वाहन मिळेना म्हणून तिथंच मोडली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र त्यांनी कधी हलवली नाही. पुढचं डावीकडचं सीट. मूळचं, जाड, वजनदार. ते काकूंचं. दर रविवारी काका ॲव्हरेज काढायला कापूरहोळवरून शिवऱ्यापर्यंत जातात आणि पुलाखालून वळून परत येतात. त्या फेरीला काकू हव्याच. आणि काट्यावर पहिल्या उभ्या राहायच्या त्याही काकूच.

"पयला मान मालकिणीचा," काका म्हणायचे. मग आमची वर्णी. कधी पोस्टमन, कधी दूधवाला. हे लोक गाडीत बसणारही नसायचे, तरी काका त्यांना उभं करायचे. एवढ्या माणसांचं वजन करून हा माणूस काय मिळवतो, असा मला नेहमी प्रश्न पडायचा. हौसेला मोल नाही म्हणून मी सोडून द्यायचो.

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. कमी बोलणाऱ्या, हसऱ्या. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं पुण्याला पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यातून बऱ्या झाल्या, पण दवाखान्याचं नाव काढलं की उठून आत जायच्या. "त्या पायरीवर आता पाय ठेवणार न्हाई," एवढंच म्हणायच्या. मूलबाळ नाही. घरात दोघंच, आणि तिसरी ती गाडी.

आता गेल्या हिवाळ्यातल्या त्या रविवारकडे येतो. माझी स्कूटर शिवऱ्याच्या मेकॅनिककडे पडली होती, ती आणायला मी काकांबरोबर निघालो. काकू काट्यावर चढल्या. काकांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वाढलीस की! पाव किलो वाढलीस!"

अर्ध्या किलोसाठी जीव खाणारा हा माणूस वजन वाढलं म्हणून हसतोय, हे मला जरा विचित्रच वाटलं. पण माझं वजन सांगताना त्यांनी नेहमीचं तोंड केलं, तेव्हा मी निर्धास्त झालो.

"ग्यास बंद केला का बघून येते," म्हणून काकू माघारी गेल्या. मीही विसरलेला चष्मा आणायला आमच्या घरात शिरलो, तर काकू आमच्या मागच्या दारात. पदराखालून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या बायकोच्या, मीराच्या हातात दिलं. आमच्या खलबत्त्यातला बत्ता. चांगला जड, लोखंडी बत्ता.

माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या गेल्या.

"गेले तीन-चार रविवार सकाळी नेतात आणि लगेच परत देतात," मीरा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटायचं मसाला कुटतात. आत्ता लुगड्याच्या ओच्यातून काढला हो त्यांनी."

बाहेर काका हॉर्न वाजवत नव्हते, कारण त्यानं बॅटरी खर्ची पडते. ते टाळ्या वाजवत होते. मी जाऊन काथ्याच्या गादीवर बसलो. काकूंना वजन चोरून वाढवायची काय गरज? म्हणजे खरं वजन घटतंय. किती? कधीपासून? सांगावं, तर त्या बाईचा विश्वासघात. न सांगावं, तर काय होऊन बसेल कुणास ठाऊक. मधल्या आरशात काकूंचे डोळे दिसत होते. तेही माझ्यावरच होते.

काकूंचा सीटचा पट्टा काका स्वतः लावतात. त्या दिवशीही लावला. ओढला. आणखी ओढला. क्षणभर हात तिथंच राहिला, मग गाडी सुरू झाली.

कापूरहोळ मागं पडलं. हायवेला लागल्यावर ट्रक आमच्यावर वैतागून हॉर्न मारत पुढं जात होते, कारण काकांचा ठरलेला वेग बैलगाडीच्या जरा वर आणि एसटीच्या बराच खाली असतो. अचानक काका म्हणाले, "सर, मीटर बघा."

मी वाकून बघितलं. गाडीच्या मीटरवर असा ॲव्हरेज आजवर कधी आला नव्हता. "अभिनंदन, काका!" मी जरुरीपेक्षा मोठ्यानं म्हणालो.

"कशाचं?" काका म्हणाले. "काटा म्हणतोय ही वाढली. गाडी म्हणतीया घटली. दोघातलं एक खोटं बोलतंय."

"वाऱ्यामुळं असेल. वारा मागून असला की..."

"वारा समोरनं हाय, सर."

मी विज्ञान शिकवतो. एवढ्याशा बत्त्यानं ॲव्हरेजमध्ये काडीचा फरक पडत नाही, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं. पण मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"सुमन," काका रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ओच्यात काय हुतं?"

काकू काचेबाहेर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बत्ता."

"कुणाचा?"

"मीराचा."

गादीला भोक असतं तर मी त्यातून पुढाऱ्याच्या तोंडावर उतरलो असतो. आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पण काका ओरडले नाहीत.

"मला कळत न्हाई व्हय? दर बारीला पट्टा आखडावा लागतोय. बांगड्या पार कोपराला जात्यात तुझ्या. म्या पातळ्या मोजून म्हातारा झालो, सुमन." त्यांनी मागच्या एका ट्रकला वाट दिली. "पण काट्यावर आकडा दिसायचा, आन् मला वाटायचं, काटाच खरा असंल. खरा असावा असं लई वाटायचं."

मग ते माझ्याशी बोलले, पण ऐकवत होते काकूंना. "सर, ह्यो काटा ॲव्हरेजसाठी कवाच नव्हता. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणालं हुतं, वजनावर नजर ठिवा, घटाय लागलं की तशीच उचलून घिऊन या. ही दवाखान्यातल्या काट्यावर मरंस्तोवर उभी राहिली नसती. एकटीला घरात उभी केली असती तर वळखलं असतं. म्हणून समद्यांस्नी उभं केलं. तुमास्नी, पोस्टमनला. तुमास्नी तरास झाला, माफ करा."

मांडवाच्या फेऱ्या मला आठवल्या. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"मला ठाऊक हुतं," काकू म्हणाल्या.

काकांनी पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"पयल्या रविवारापासनं ठाऊक हुतं. आकडा जरा कमी आला की तुमी दोन-दोन दिस जेवायचा न्हाई. नुसतं त्या गाडीखाली जाऊन पडायचा. मग म्या म्हटलं, ह्यांच्या पोटात दोन घास जाऊ देत. म्हणून आधी कुलूप, मग अडकित्ता, आन् आता बत्ता."

शिवऱ्याचा पूल आला, जिथून आम्ही दर रविवारी वळतो. तिथं माझी स्कूटर होती. काकांनी इंडिकेटर लावला नाही. गाडी सरळ पुढं गेली.

"अवो, वळायचं राहिलं," काकू म्हणाल्या.

"पुण्याला जायचंय. आज रविवार असला तरी तिथं डॉक्टर असत्यात."

"म्या येनार न्हाई."

"आलीस की. बसलीयास न्हवं."

आणि सोपानकाकांनी ॲक्सिलरेटर दाबला. त्या गाडीला हे काय होतंय ते आधी समजलंच नसावं. मग टर्बोची शिट्टी चढली. ती मला पहिल्यांदाच ऐकू आली. खालचा फ्लेक्स एका कडेनं सुटून फडाफडा वाजायला लागला, पराती खडखडू लागल्या, मघाशी पुढं गेलेले ट्रक एकेक करून मागं पडले. मीटरवरचा आकडा घसरत होता. काकूंचं लक्ष त्याच्याकडं गेलं.

"अवो, हळू! ॲव्हरेज पडंल!"

"पडू दे," काका म्हणाले.

पुढचा एक ट्रक बाजूला होईना, तशी काकूंनी डाव्या अंगाला वळून मागं बघितलं. "कुनी न्हाई. घ्या," त्या म्हणाल्या. काकांनी गाडी डावीकडं घेतली.

दवाखान्यात काका डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "साहेब, गळती हाय. कुठं हाय ते तेवढं बघा." डॉक्टरांनी बघितली. ती सापडली, आणि वेळेत आला आहात असं त्यांनी सांगितलं. औषधपाणी अजून चालू आहे. आता पुण्याच्या फेऱ्या सारख्या होतात. परतताना काकूंना आडवं होता यावं म्हणून मागचं सीट पुन्हा बसवलं आहे. डावा आरसाही आला आहे, पण काकू तरीही मागं बघून सांगतात. पुढारी मात्र हायवेवर कुठं पडला ते कळलं नाही.

आमचा बत्ता मीरानं खिडकीत, काकांना दिसेल असा ठेवला आहे.

परवाच्या रविवारी मी दाढी करत होतो, तर कुंपणापलीकडून आरोळी आली. "सर! ओ सर! ॲव्हरेज पडला!"

साबण तसाच ठेवून मी बाहेर धावलो. काका काट्यापाशी वाकले होते आणि लहान पोरासारखे हसत होते. काकू काट्यावर उभ्या होत्या. पदर खोचलेला, ओचा झटकलेला, आणि मला नीट दिसावं म्हणून दोन्ही हात वर.