भालेरावांची इटालियन

माझ्या पदवीवर जगात सर्वात आधी संशय घेतला तो भालेराव काकांनी.

आमच्या घरात मी पहिलाच पदवीधर. शाळा खडवलीची, कॉलेज कल्याणचं. पदवीचा कागद हातात आला तेव्हा आईनं अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. तळमजल्यावरच्या भालेराव काकांनी पेढा बशीत बाजूला ठेवला, कागद खिडकीपाशी नेला, उजेडात आडवातिडवा धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओरिजिनल आहे." मगच पेढा तोंडात टाकला. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. "काय पदवीधर?" असंच विचारतात. खरं सांगतो, पदवीदान समारंभातल्या टाळ्यांपेक्षा काकांच्या त्या दोन शब्दांनी माझी छाती जास्त फुगलेली.

काका वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. भाजीवाली त्यांना बघून पारड्यात एक टोमॅटो जास्तीचा टाकते, तर काका तो परत ठेवतात. "जास्त हेसुद्धा चुकीचंच माप." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लोहचुंबक. कुणाकडे नवं कपाट आलं की काका आधी चुंबक लावणार आणि मग अभिनंदन करणार. कुणी गेल्याचा फोन आला तरी तोंडातून पहिल्यांदा निघतं, "पडताळणी झाली का?"

अशा माणसानं निवृत्तीनंतर इटलीची जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायचं ठरवलं.

ही गाडी त्यांच्या मनात तरुणपणापासून बसलेली. कळव्याला खाडीलगत डिमेलो अंकल राहतात. घरची मासेमारी. नोकरीच्या सुरुवातीला काका त्यांच्याकडचे तराजू तपासायला गेलेले, तेव्हा पडवीत जुन्या जाळ्यांखाली त्यांना एक चाक दिसलं. एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनीयर डिमेलोंच्या वडिलांकडे भाड्यानं राहायचा. मायदेशी जाताना तो ही गाडी त्यांना देऊन गेला. दोन दारं, दोनच सीटा, वर छप्पर नाही आणि जमिनीला टेकेल इतकी बुटकी. काकांनी त्या दिवशी तराजू तपासले, पण डोळे जाळ्यांकडेच. "तपासताना लक्ष विचलित झालं ते आयुष्यात एकदाच," असं ते आजही सांगतात.

गाडी बघायला काका मला बरोबर घेऊन जायचे. दर रविवारी. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पत्र्याचे खड्डे लपवले असतील तर तिथं चुंबक चिकटत नाही, म्हणून काकांनी बोनेटपासून डिकीपर्यंत वीत-वीत चुंबक फिरवलं. चेसिसचा नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. पुढच्या रविवारी पुन्हा घासली.

"अरे भालेराव," डिमेलो अंकल खुर्चीतून ओरडले, "मी गाडी विकतंय, पोरगी देत नाय!"

"पोरगीसाठी एवढं बघावं लागत नाही," गाडीखालून आवाज आला.

हे मी घरी येऊन शालिनीकाकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "खरंच आहे. मला बघायला आलेले तेव्हा चहा प्यायले आणि हो म्हणाले. ना उजेडात धरलं, ना चुंबक लावलं."

"तिथं गरज नव्हती," काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

इटलीत जुन्या गाड्यांची माहिती ठेवणारी एक मंडळी आहे. त्यांना इंग्रजीत ईमेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. काका शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्यांदा वाचायचे. उत्तर आलं: इंजिन मूळचं, चेसिस मूळची, पण रंग कारखान्यातून निघताना निळा होता. डिमेलोंची गाडी तर लालभडक! काकांनी गालिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरनं घासला. लाल गेला आणि खाली निळा निघाला.

झालं, गाडी घेतली. खोपटच्या एका गॅरेजवाल्यानं ती वर्षभर खोलून ठेवली. तो रोज नवा हट्ट धरायचा. "अंकल, पावर स्टेअरिंग डालते है ना. एसी डालते है. म्युझिक सिस्टिम?"

"इटलीनं दिलं नाही ते मी देणार नाही."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ठाण्यात दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात 'मूळ स्वरूप' असा एक वर्ग असतो. परीक्षक स्क्रूसुद्धा तपासतात आणि पास झालेल्या गाडीला पितळी बिल्ला देतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापांवर शिक्का मारलेल्या माणसाला आता आपल्या वस्तूवर कुणीतरी शिक्का मारायला हवा होता.

गाडी निळी होऊन कल्याणला आली ती नेमकी एप्रिलच्या सुरुवातीला. सगळी बिल्डिंग खाली उतरली. "काका, एक नंबर! जयंतीसाठी खास निळा मारला ना?"

काका भडकले. "मी नाही मारला. इटलीनं मारलाय. पडताळणी झालीय!"

पण चौदा एप्रिलला बुद्धवंदना झाल्यावर मिरवणुकीच्या पुढे तीच गाडी होती, आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या काकांची मान अशी ताठ, की शिक्का तेव्हाच बसल्यासारखा वाटला.

काकूंना मात्र त्या दिवशी गाडीत बसता आलं नाही. म्हणजे बसल्या, पण उठता येईना. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, तेव्हापासून डावा पाय ताठ. एवढ्या खालच्या सीटवरून तिघी बायकांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. सगळे हसले. काकूही हसल्या, "विहिरीतून काढल्यासारखं काढलंत गं मला!" आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मिरवणूक त्यांनी तिथूनच पाहिली. काका तेवढे हसले नव्हते.

पुढे काही महिने त्यांच्या हातात मोजायची टेप दिसायची. मला वाटलं, प्रदर्शनाची तयारी चालली असेल.

प्रदर्शनाच्या सकाळी मी खाली आलो आणि बघतच राहिलो. इटलीच्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे, म्हणून शेजारची उजवीकडची सीट लोखंडी चौकटीवर चढवून चांगली उंच केलेली. समोर, काचेच्या चौकटीत भोकं पाडून, एसटीत असतो तसा जाडजूड दांडा बसवलेला.

"काका, हे ओरिजिनल नाही!"

"नाही," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी गाडीबद्दल पहिल्यांदाच उच्चारला असेल.

काकू काठी टेकत आल्या, दांडा धरला आणि कुणाचाही हात न घेता सीटवर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, मला रोज वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवायचे आणि उठ म्हणायचे. पाट, स्टूल, मोडा, काही सोडलं नाही. मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं."

मी बसनं ठाण्याला पोचलो तेव्हा गाडी रांगेत उभी होती. परीक्षक शहाणे गृहस्थ होते. इंजिन बघून खूश झाले, रंगाला हात लावून "वा" म्हणाले. मग काकूंच्या बाजूला आले आणि थबकले.

"अरेरे! भोकं कुणी पाडली?"

"मी."

परीक्षकांना हळहळ वाटली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, अशी गाडी मी पाहिली नाही. दांडा काढा, सीट खाली घ्या. भोकांचं मी बघतो. मला दिसली नाहीत असं समजा."

"मी उतरते हो," काकू घाईनं म्हणाल्या. दांड्याला हात घातलासुद्धा. "एवढी वर्षं थांबलात. काढा तो दांडा."

"बस तू." काका परीक्षकांकडे वळले. "भोकं आहेत. दिसली असं लिहा. मूळ स्वरूपात नाही."

"मग बिल्ला..."

"नियमाप्रमाणे नाहीच मिळणार. बरोबर आहे तुमचं." असं म्हणून काकांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. जणू सगळ्यांचं माप बरोबर भरलं होतं.

गाडी रांगेतून बाहेर आली. लोक मोबाईल वर करून फोटो काढायला लागले. फाटकाशी काकांनी ब्रेक दाबला. डावीकडे कल्याणचा रस्ता, उजवीकडे घोडबंदरचा.

"कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला. "डॉक्टर सोडून कुठंही."

गाडी उजवीकडे वळली. दोनच माणसांची गाडी ती. मी परत बस धरली.