न पडणारा ब्रेकर

"पडला!" लाँड्रीवाल्याची थोरली बहीण अक्का आतून ओरडली.

ओरडायची गरज नव्हती. धुण्याची यंत्रं, सुकवणी, वाफेची इस्त्री, सगळं एका दमात गप्प झालं होतं. लाँड्रीवाल्याने कपाळावर हात मारला. बायको गेल्यापासून हा मेन ब्रेकर रोज पडत होता, आणि आज हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. पुन्हा उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल, असं हॉटेलवाल्याने बजावलं होतं. ते गेलं, की लाँड्रीत धुवायला फक्त घरचे कपडे उरणार होते.

"आज याचा सोक्षमोक्षच लावतो," म्हणत तो निघाला.

त्यांच्या घराण्यात प्रत्येक वस्तू एक माप मोठी घ्यायची रीत होती. त्याच्या लग्नातला कोट त्याला अजूनही सैलच होत होता.

विजेच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "लोड किती? केबल केवढी?"

"ते राहू द्या. शंभर अँपिअरचा पडतो. अडीचशेचा द्या."

"अहो, जास्त करंट गेला की पडायचं, हेच त्याचं काम. न पडणारा ब्रेकर म्हणजे न भुंकणारा कुत्रा."

"ताई, कुत्रा नकोय मला. ब्रेकर द्या."

वायरमन आला. शिडीशिवाय माळ्यावर हात पोचायचा, म्हणून त्याला सगळे उंट म्हणत.

"काका, जुनी केबल शंभरापुरतीच आहे. हा ब्रेकर उभा राहील आणि केबल जळेल."

"मग केबल बदल."

जाड केबल ब्रेकरच्या जुन्या डब्यात शिरेना. "डबा बदल." नवा डबा कपाटाआड बसेना. "कपाट हलव." कपाट दाराशी गेलं आणि दार अर्धंच उघडू लागलं. अक्का आडवी होऊन बाहेर आली.

"अरे, चादरी कधी करणार?"

"हा बसला की!"

दुपार कलल्यावर त्याने सगळी बटणं एकदम दाबली. सगळं घरघरू लागलं. ब्रेकर जागचा हलला नाही. पोराचा पहिला नंबर आल्यासारखा लाँड्रीवाला त्याच्याकडे बघत राहिला.

आणि सगळं गप्प झालं.

"पडला?" अक्काने विचारलं.

"छे! हा बघ, ताठ उभा आहे!"

तो बाहेर आला. अख्खी गल्ली रस्त्यावर होती. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन चौकशीला आलं होतं. उंट खांबाकडून परतला.

"काका, तुमचा पडला नाही, म्हणून खांबावरचा फ्यूज उडाला."

वीज कंपनीच्या माणसांनी फ्यूज घातला, जाताना चार शब्दही सुनावले. मग उंटाने नव्या ब्रेकरवरची छोटी चकती फिरवली.

"याची मर्यादा कमी करता येते."

"कितीवर आणलीस?"

"शंभर."

अक्का स्टुलावर टेकली. "वहिनी सुकवणी आणि इस्त्री कधी एकदम लावायची नाही. एक थांबली की दुसरी."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू ऐकायला थांबलास कधी?"

बाह्या सरसावून त्याने नुसती सुकवणी लावली. अक्काचा हात सवयीने इस्त्रीच्या बटणाकडे गेला.

"थांब. आधी ही होऊ दे," तो म्हणाला.

हॉटेलची गाडी आली, तेव्हा तो शेवटच्या चादरीची घडी घालत होता. ड्रायव्हर अर्ध्या दारातून आत घुसला आणि नव्याकोऱ्या डब्याकडे बघतच राहिला.

"वा! आमच्याकडचा सारखा पडतो हो. न पडणारा हवा असेल तर कुठला घ्यायचा?"

लाँड्रीवाल्याने गठ्ठा खांद्यावर घेतला.

"तो दुकानात मिळत नाही," तो म्हणाला आणि आडवा होऊन दाराबाहेर पडला.