मोज्यात अडकलेला गुन्हेगार

"एका दुपारचं काम आहे," ताईनं जाहीर केलं. "किडा ओळखायचा, पकडायचा, संपवायचा. आई, तुझा एक नायलॉनचा मोजा दे!"

ताई ग्रंथपाल होती. कुठलंही संकट तिच्या मते फार तर दोन पुस्तकांएवढं असायचं, आणि या संकटावरची तर तीन वाचून झाली होती!

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. जाताना ते एवढंच म्हणाले, "टाकी सांभाळा." बैठकीच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात दगड, वाळू आणि बाबांचा लाडका नारिंगी-पांढरा मासा. कुणीही आलं की काचेशी हजर, म्हणून त्याचं नाव पट्टेवाला. तो आज सकाळपासून बेपत्ता होता, आणि दगडाखाली काहीतरी लांब, काटेरी वळवळताना आईनं पाहिलं होतं.

"गिळला गं मेल्यानं!" आई म्हणाली. "तेवढा एक जीव मागे ठेवला होता यांनी."

"आई, अजून पंचनामा व्हायचाय."

पुस्तकाप्रमाणे खूण सोपी होती. तोंडाला मोठा जबडा असेल तर तो मासे खाणारा. नुसते काटे असतील तर निरुपद्रवी. फक्त हे महाशय अंधारातच बाहेर येतात. दुपारचे दोन वाजले होते. ताईनं अंधार बनवला! टाकीवर रजई, रजईच्या आत ती, धाकटा भाऊ आणि टॉर्च. मोज्यात कोळंबीचा तुकडा घालून तिनं तो दोरीनं पाण्यात सोडला.

"ताई, श्वास कोंडतोय."

"हळू घे. काय दिसतंय?"

"मोज्यात शिरला! बापरे, पट्टीएवढा आहे!"

"जबडा बघ, जबडा!"

"आहे! फाटकाएवढा! हलतोय!"

"खुनी!" म्हणत ताईनं मोजा उघड्या हातानं खेचला. हातमोजे घाला, असं तिसऱ्या पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. ते तिला आठवलं, पण बोटांत पन्नासेक काटे घुसल्यावर!

ताई किंचाळली. धाकटा रजईसकट उठला. रजईचं टोक टाकीत बुडालं आणि अर्धी टाकी पिऊन बाहेर आलं. मोजा उडाला तो थेट आईच्या मांडीवर. आपलाच मोजा आपल्यावर चालून येतोय म्हटल्यावर गुडघेदुखीची आई उडी मारून सोफ्यावर चढली आणि तिथूनच तिनं शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

दुकानदार बाबांचा बारा वर्षांचा स्नेही. तो आला तेव्हा आई अजून सोफ्यावर होती, धाकटा रजई पिळत होता, आणि ताई चिकटपट्टी लावून बोटांतले काटे उपटत होती. त्यानं मोजा बरणीत रिकामा केला.

"जबडा आहे," ताईनं बजावलं.

"ताई, ती कोळंबीची शेपटी आहे. तोंडात धरलीय त्यानं. गरीब आहे हो हा. उरलेलं खातो, टाकी झाडतो."

"मग पट्टेवाला कुठाय?"

दुकानदारानं पंपामागे टॉर्च मारला. पट्टेवाला डुलत डुलत बाहेर आला. पोट फुग्यासारखं टम्म! "अरे देवा! याला घालता तरी किती?"

"दिवसातून एकदा, चिमूटभर," ताई ठामपणे म्हणाली. "दुपारी. मी स्वतः."

"अगं, सकाळी मी घालते की," आई सोफ्यावरून म्हणाली. "हे घालायचे ना, त्या वेळेला."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं रजईकडे पाहिलं.

"संध्याकाळी काचेशी येऊन बघत राहतो गं तो," तो पुटपुटला. "बाबा आले का, असं."

आई सोफ्यावरून खाली उतरली.

"उरलेलं खाऊन किडे वाढले," दुकानदार हळूच म्हणाला. "त्यांना बोल लावू नका, वहिनी. या घरात तेवढेच नियमानं वागतायत."

किडा सन्मानानं टाकीत परतला. ताईनं ठळक अक्षरांत पाटी लावली: "दिवसातून एकदाच. फक्त सकाळी. फक्त आई." प्रश्न कायमचा मिटला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई टाकीपाशी गेली. तिथे आई होती. धाकटाही होता. दोघांच्याही उजव्या मुठी बंद होत्या. पट्टेवाला काचेशी हजर होता.

"मी पाटी सरळ करायला आले होते," ताई म्हणाली आणि तिनं डाव्या हातानं पाटी सरळ केली. उजवा मोकळा नव्हता.