टिपणीसनानांचा अर्क

आमच्या शेजारच्या टिपणीसनानांकडे कुणी आलं की नाना आधी त्याचा कान बघायचे. "या, बसा" नंतर, आधी "कान दाखव". चष्मा कपाळावर चढवायचे, कानामागची जागा, मानेवरचे केस, सगळं निरखायचे आणि गोचीड नाही अशी खात्री पटली की मगच माणसाला आत घ्यायचे. पोस्टमन सुटला नाही, गॅसवाला सुटला नाही. माझ्या नणंदेला बघायला कल्याणची मंडळी आली होती, ती चुकून नानांच्या दारात उभी राहिली, तर नानांनी थेट मुलाच्या वडिलांचा कान धरला. मी दार उघडते तो समोर हे दृश्य. लग्न जमलं, नशीब आमचं. पण ते व्याही अजून आमच्या जिन्यात दबकत दबकत चढतात.

मी स्वतः नानांना कधी कान दाखवला नाही. सकाळी डबे भरून बँकेत पळायचं असतं, कान कसले दाखवत बसतेय!

हे झालं दारातलं. खरा ताप पुढेच होता आणि तो रोज सकाळी स्टीलच्या कपातून यायचा. नाना एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. नोकरी सुटली, पण लॅब काही सुटली नाही. त्यांचा एक भाचा आसामात चहाच्या मळ्यावर होता. तो सुट्टीवर आला, येताना हिरवा चहा घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणून गेला, की गोचिडीतून येणाऱ्या तापावर याचा अर्क चालतो म्हणे. एवढं 'म्हणे' नानांना पुरलं. भाचा गेला आसामला परत, भोगतोय आम्ही.

आमच्या नौपाड्यात तेव्हा घरोघरी नुकते रंगीत टीव्ही येत होते. हिरवा चहा कुणाला बापजन्मी माहीत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या लेलेबाई भाबडेपणाने "गवती चहा का हो?" म्हणाल्या, तर नानांनी त्यांना जिन्यातच उभं करून तासभर शिकवलं. हा चहा नव्हे, अर्क आहे. तो पितळेच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचा असतो, चौथा हिस्सा उरला की गाळायचा असतो, साखर घातली तर फुकट गेला. "प्रमाण सांभाळा," हे त्यांचं पालुपद. आटताना वास असा सुटायचा, की कुणी ओलं गोणपाट शिजवतंय.

आणि सकाळी बेल वाजवून दारात कप पुढे करण्याआधी नाना स्वतः चमचाभर चाखायचे. लॅबचा नियम म्हणे, दुसऱ्याला द्यायचं ते आधी आपल्या जिभेवर. कुठल्या लॅबमध्ये रंग चाखतात ते देव जाणे. त्यांची पाठ वळली की माझा कप कढीपत्त्याच्या कुंडीत जायचा.

कुमुदकाकू होत्या तेव्हा हे असलं काही नव्हतं. काकू म्हणजे नानांची बायको, फार गोड बाई. बाळकुमला एका ओळखीच्या कोळणीकडे मासळी आणायला जायच्या, तिथून एकदा बाजाराच्या पिशवीत मासळीऐवजी कुत्रीचं पिल्लू घेऊन आल्या. तीच ठमी. रविवारी दुपारी काकू गॅलरीत पाय पसरून बसायच्या, ठमीला मांडीवर घ्यायच्या आणि एकेक गोचीड वेचून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या. मग काकू आजारी पडल्या, दवाखान्यात नेलं आणि तिथेच गेल्या. त्यानंतर ठमीच्या गोचिडी कोण वेचणार? नानांच्या लक्षात आलं तोवर तिचे दोन्ही कान भरलेले. तेव्हापासून नाना गोचिडींच्या मागे हात धुऊन लागले, ठमीच्याही आणि आमच्याही.

त्या पावसाळ्यात ठमी आजारी पडली. आधी जेवण सोडलं, मग जिना चढेना. मी तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. नानांना म्हटलं, आजच्या आज डॉक्टरकडे न्या. नाना म्हणाले, तिच्या अर्काचं प्रमाण वाढवतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. काकूंची आठवण म्हणून एवढं एक जनावर उरलंय, तेही घालवा त्या पातेल्यात, असं मी त्यांना जिन्यात सुनावलं. नानांनी दार लावून घेतलं. ठमी काही जगत नाही, असं मी घरात सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना किल्ली घेऊन दारात हजर. कल्याणला बहिणीकडे सत्यनारायण आहे, संध्याकाळी येतो, ठमीकडे जरा बघ. घरात कुत्री मरायला टेकलीय आणि हा माणूस प्रसादाला निघाला! मला असा संताप आला म्हणून सांगू. मी बँकेत रजा सांगितली, ठमीला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा करून खोपटला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोचीडतापच होता, रक्त पार उतरलं होतं. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. अर्काचं सांगितलं तर त्यांनी तो मीच पाजला असावा असं माझ्याकडे पाहिलं. चहा आधी बंद करा, कुत्र्याला तो अपायच करतो, असं दरडावून सांगितलं.

पण नानांना सांगणार कोण? मग मीच एक डाव केला. नाना रोज सकाळी ठमीचा अर्क वाडग्यात झाकून ठेवायचे, आमच्याकडे किल्ली द्यायचे आणि दूध आणायला जायचे. तेवढ्यात मी आत शिरायची. अर्क मोरीत ओतायचा आणि वाडग्यात भरायचं कोथिंबिरीच्या देठांचं उकळलेलं पाणी. रंग तोच. त्यात गोळीची पूड आणि ठमीने तोंड लावावं म्हणून थोडी सुकट उकळून. नाना यायचे, चमचाभर चाखायचे, "आज अर्क जमलाय," म्हणायचे आणि वाडगं ठमीपुढे ठेवायचे. ठमी वाडगं चाटून लख्ख करायची.

ठमी उठली. खायला लागली, पोस्टमनवर भुंकायला लागली. आणि नाना? नानांना स्वर्ग दोन बोटं उरला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालला असताना उठून अर्कावर बोलले. लेलेबाईंना दोन कप सुरू झाले. श्रेय कुणाचं आणि मिरवतंय कोण! गोळ्या संपेपर्यंत मी कळ काढली आणि मग एका रविवारी दुपारी सोक्षमोक्ष लावायला त्यांच्याकडे गेले.

नाना गॅलरीत पाय पसरून बसले होते. ठमी मांडीवर, शेजारी रॉकेलची वाटी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मान वर न करता ते म्हणाले, "सुकट जरा जास्त व्हायची गं."

मी रॉकेलची वाटी बाजूला सरकवून समोर बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"टिपणिसांच्या घरात जन्मलो, सुकट नाही कळणार?"

मग स्वतः का नाही नेलंत तिला, म्हणून मी चिडून विचारलं. नाना ठमीचा कान चाचपू लागले. म्हणाले, "कुमुदला नेलं तेव्हा रिक्षात आम्ही दोघं होतो. येताना मी एकटा आलो. हिला घेऊन परत तसं जायचं... नाही जमलं मला. तू नेशील हे ठाऊक होतं, म्हणून किल्ली ठेवली. बहिणीकडे काही नव्हतं त्या दिवशी. कल्याण स्टेशनच्या बाकावर बसून होतो."

मला रडूच आलं. पण रडू आलं की मी आणखी चिडते, तो माझा स्वभाव. म्हटलं, मग आता तरी तो अर्क बंद करा. त्याने काही होत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, आणि बिल्डिंग कंटाळलीय.

"करतो बंद," नाना म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण रिकाम्या हाताने रोज सकाळी कुणाची बेल वाजवू, शोभा?"

दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच नाही. माझं पोळ्यांत लक्ष लागेना, एक करपली. दार उघडलं तर नाना आपल्याच उंबऱ्यात कप घेऊन उभे होते, पुढे येऊ की नको अशा बेतात.

"नाना, उशीर केलात आज," म्हटलं आणि मान वळवून केस बाजूला केले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. कानामागे नीट पाहिलं, मानेवर पाहिलं. "काही नाही हो," म्हणाले, समाधानाने. मग चमचाभर स्वतः चाखून कप माझ्यापुढे धरला. मी तो तिथेच उभ्या उभ्या संपवला. चव ओल्या गोणपाटाचीच होती.